अमावस्येची कामटी

१

लाखेचं सील शाबूत होतं, सुतळीची गाठ शाबूत होती, आणि आत वही नव्हती.

होती ती आमच्याच कॉलेजची तीन जुनी माहितीपत्रकं. एकावर एक रचून बरोबर वहीच्या जाडीची केलेली. करणाऱ्याला घाई नव्हती एवढं मला तिथंच कळलं.

मी संजीवनी हाटे. महाडच्या कॉलेजात ग्रंथपाल, सव्वीस वर्षं झाली. माझ्या कपाटातून आजवर जुनं पंचांगसुद्धा गेलेलं नाही. ग्रंथालयात येणाऱ्या प्रत्येक वस्तूच्या सतराव्या पानावर मी गुपचूप शिक्का मारते. चोर पहिलं पान फाडतो, सतरावं त्याच्या ध्यानात येत नाही. या पाकिटाला मात्र मी हात लावला नव्हता. मंगळवारी ते आलं तेव्हा ‘सील आहे मॅडम, सोमवारी समितीपुढेच फोडायचं’ असं मला सांगण्यात आलं आणि मी बावळटासारखी मान डोलावली. तो शिक्का मारला असता तर पुढचं अर्धं रामायण घडलंच नसतं.

वही काय होती ते आधी सांगते. पोलादपूरच्या डोंगरात, कुडपणच्या वाटेवरून वर चढून गेलं की वाघमाची नावाची धनगरांची वाडी लागते. अठरा घरं, माणसं पाऊणशे, म्हशी त्याहून जास्त. वाडीच्या डोक्यावर डोंगराला एक लांबलचक भेग पडलेली आहे. पाच वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजनं भेगेच्या अल्याड एक आणि पल्याड एक अशा दोन खुंट्या ठोकल्या आणि त्यांच्यातलं अंतर रोज सकाळी मोजायचं काम वाडीतल्या सोमा ढेबेला दिलं. त्या मोजमापाची ही वही. तिच्यावरून आमच्या डॉ. राजेंद्र देवळेकरांनी शोधनिबंध लिहिला, की भेग झोपलेली आहे, पाच वर्षांत अर्धा सेंटिमीटरसुद्धा हललेली नाही. निबंध गाजला. आणि त्याच्या जोरावर वाघमाचीचं नाव धोक्याच्या गावांच्या यादीतून गळलं.

सोमा गेल्या श्रावणात वारला. त्याच भेगेच्या खाली, मातीत गाडला गेलेला सापडला. पाय घसरला, असं पंचनाम्यात लिहिलंय.

आता मे अर्धा सरला होता. सोमवारी पोलादपूरला, ती यादी ठरवणाऱ्या समितीपुढे, शेवटची सुनावणी होती. मूळ वही समितीपुढे गेली नाही तर निबंध कायम, आणि अठरा घरं येत्या पावसाळ्यातही त्या भेगेखालीच राहणार होती.

शुक्रवारी सकाळी पाकीट फोडलं ते स्वतः देवळेकर सरांनी. त्यांच्या मनात आलं होतं की वही दोन दिवस काचेच्या पेटीत ठेवावी, गावानं येऊन बघावी. पेटी मी पुसूनही ठेवली होती. सरांच्या शेजारी त्यांचा सहायक जितेश उभा होता आणि थोडी मागे अमिता मॅडम, त्यांच्याच विभागातल्या. माहितीपत्रकं टेबलावर पडली तशी सरांनी मान वर केली.

“बुधवारी कपाटाची किल्ली कुणी घेतली होती, संजीवनीबाई?”

नोंदवही माझ्याच हातात होती. अमिताचं नाव वाचायचं माझ्या जिवावर आलं.

२

सरांनी दुपारी मला त्यांच्या खोलीत बोलावून चहा पाजला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

“पोलिसात जायचं नाही मला,” ते म्हणाले. “मुलीचं आयुष्य बरबाद होईल. तुम्हीच शोधा. तिच्याशी नीट बोला, वही घेऊन या.”

“तिनंच घेतली कशावरून?”

“अहो, सारं जग म्हणतंय कोकणचे डोंगर सरकताहेत. मी एकटा म्हणालो, थांबा, मोजून बघू. प्रवाहाविरुद्ध पोहायला छाती लागते. हिला ते सहन होत नाही. वही बाहेर आली तर हिचं तोंड कायमचं बंद होईल, म्हणून.” सरांचा आवाज खणखणीत आहे, व्याख्यानांची सवय. “आणि मी काही लपवलंय का? आकड्यांचा अख्खा तक्ता संकेतस्थळावर उघडा टाकलाय. कुणीही उतरवून घ्या, कुणीही तपासा. विज्ञान खुलं पाहिजे!”

“वहीतले आकडे तक्त्याशी ताडून बघितले होते तुम्ही?”

“कशाला? तक्ता जितेशनं वहीवरूनच केलाय. मी वही उघडलीसुद्धा नाही कधी.”

“आणि वाघमाचीला?”

“उद्घाटनाला गेलो होतो. गुडघे, संजीवनीबाई. तुमच्याकडे लावलाय तो फोटोसुद्धा जितेशनंच काढलेला.”

फोटो म्हणजे फ्लेक्स. सरांच्या व्याख्यानमालेचा, माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर, दरवाजाएवढा. त्यात सोमा ढेबे उकिडवा बसून दोन खुंट्यांमध्ये पोलादी टेप धरतोय. खाली लिहिलंय: ‘आमचा लोकशास्त्रज्ञ, जून’. इतका मोठा की टेपवरच्या रेषासुद्धा मोजता याव्यात. मी रोज त्याच्या तोंडाकडे बघून डबा खायचे. रेषा मात्र मोजल्या नव्हत्या.

अमिता पुण्याची. तीन वर्षांपूर्वी आली. बोलते कमी, आणि बोलते तेव्हा ऐकणाऱ्याला जांभई येते, हे मी तिच्या तोंडावर सांगितलेलं आहे.

“मी काही जगावेगळं म्हणत नाहीये, मॅडम,” ती म्हणाली. डोळे लाल होते. “सगळे म्हणतात तेच म्हणतेय. डोंगर सरकतोय. सरांचं म्हणणं उलटं आहे म्हणून ते धाडसाचं, आणि माझं सरळ आहे म्हणून मत्सराचं. वा!”

“किल्ली का घेतलीस?”

“वही बघायला. पाकिटाला सील होतं म्हणून हात लावून परत ठेवलं.”

“सील तर पुन्हा करता येतं. विभागाचं पितळी सील कुठं असतं?”

“टेबलाच्या खणात. मी, सर, जितेश, तिघांनाही मिळतं. मॅडम, त्या तक्त्यात पाच वर्षांत एकही दिवस खाडा नाही. माणूस आजारी पडतो, कुणाच्या लग्नाला जातो. सोमाबाबा कधीच कुठं गेला नाही? म्हणून मला मूळ वही बघायची होती. दुसरं काही नाही.”

जितेश तुडीलचा. सावित्री नदीला पूर आला की याच्या घरात कमरेएवढं पाणी. तासिका तत्त्वावर सहा वर्षं राबतोय, पीएच.डी. सरांकडेच. तोंड उघडायच्या आधी सरांच्या खोलीकडे बघायची त्याला सवय.

“सोमाबाबा स्वतः टेपनं मोजायचा, स्वतःच वहीत लिहायचा,” त्यानं सांगितलं. “मी पंधरा दिवसांनी जाऊन आकडे उतरवून आणायचो, बस.”

“आणि तो वारला त्या दिवशी?”

“मी तुडीलला होतो, मॅडम. घरातला चिखल काढत होतो.”

मी नुसतं विचारलं होतं. त्याच्या कपाळावर मात्र एकदम घाम आला. मे महिना आहे, येतो घाम, असं म्हणून मी सोडून दिलं. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर सोडवेना. माझं माहेर महाडच्या तळ्यापासून चार पावलांवर. जे सगळ्यांचं आहे त्याला सगळ्यांचा हात लागला पाहिजे, हे आम्हाला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. मग सोमाची वही एका माणसानं उतरवायची, दुसऱ्यानं न बघता छापायची आणि बाकीच्यांनी नुसता तक्ता वाचायचा, हे खुलं कसलं?

शनिवारी पहाटेची पोलादपूर एसटी धरली.

३

कुडपणच्या जीपवाल्यानं वाटेत सोडलं. पुढं तासभर चढ. माझं वय चौपन्न, वजन विचारू नका. वाडीत पोचले तेव्हा जीभ बाहेर आली होती.

सोमाची बायको धोंडूबाई गोठ्यापुढं शेण काढत होती. काटक म्हातारी. तिनं मला खालीवर न्याहाळलं आणि आधी पाण्याचा तांब्या दिला.

“कालेजातल्या काय गो तुमी?”

“हो.”

“मंग आलाव यकदाचं! नऊ म्हैने झालं, कामट्या मापायला कुनी फिरकलाच नाय. मी म्हनतंय, इसरली वाटतं मानसं.”

“कसल्या कामट्या?”

तिनं माझ्याकडे वेड्या माणसाकडे बघतात तसं बघितलं.

“मापाच्या. दुसऱ्या कसल्या?”

४

चुलीच्या वर माळा होता. धोंडूबाईनं शिडी लावली आणि एकेक जुडी खाली देत गेली. बांबूच्या पातळ कामट्या, धुरानं काळ्याभोर झालेल्या, वाकाच्या दोरीनं बांधलेल्या. मी मोजत गेले. जवळजवळ साठ जुड्या.

“सोमाबाबा वहीत लिहायचे ना?”

“त्याला कुठं लिवता येतंय? आंगठाछाप व्हता तो. टेप दिलानी व्हती कालेजानं, पन आकडंच कळत नायत तर काय करायचा तिचा? गंजंल म्हनून पेटीत ठेवलान. आमच्यात काय मोजायचं तर कामटीनं. झऱ्याचं पानी किती उतरलं, रेडकू किती वाढला, कामटी लावायची आनि तिथंच तोडायची. तसाच हा रोज सकाळचा भेगंवर जायचा, ह्या खुटीपासून त्या खुटीपातूर कामटी धरायचा, तोडायचा, आनून हितं ठेवायचा. मंग तो तुडीलचा पोरगा येऊन टेपनं मापून लिवून न्यायचा.”

म्हणजे वही सोमानं लिहिलेलीच नव्हती. ती जितेशची होती, पहिल्या पानापासून. आणि मूळ मोजमाप वहीत नव्हतंच कधी. ते इथं चुलीच्या धुरात सुकत होतं.

“खाडा नाही पडला कधी?”

“पडतो तर! अमुशेला भेगंवर कोन जाईल? वर आमची जननी देवी हाय. अमुशेला तिची वाट मोकळी सोडायची, मानसानं आडवं जायचं नाय. म्हनून तर अमुशेला जुडी बांधायची. अमुशा ते अमुशा, येक जुडी.”

तक्त्यात एकही खाडा नव्हता. प्रत्येक अमावस्येला आकडा होता. मी पर्समधून माझी शिंप्याची टेप काढली. पहिल्या जुडीतली पहिली कामटी एक्केचाळीस सेंटिमीटर. वर्षाच्या शेवटची चव्वेचाळीस. मग अठ्ठेचाळीस, त्रेपन्न, सत्तावन्न. झोपलेली भेग वीतभर रुंद झाली होती.

“त्यांची शेवटची कुठली?”

तिनं न शोधता एक जुडी उचलली. श्रावणाची. मी वरची कामटी मोजली: साठ पूर्णांक नऊ.

“ही आदल्या दिवसाची,” धोंडूबाई म्हणाली. “माप घेऊन खाली आला, दिसभर गोठ्याचा कूड बांधत व्हता. रातीला भाकर खाल्लान. सकाळी मी म्हशी सोडून आले तर हा घरात नाय. सांजच्याला गावला. मातीखाली.”

“तो दिवस कुठला?”

“पिठोरीची अमुशा.”

चूल विझलेली होती तरी धुराचा वास येत होता. धोंडूबाईनं जुडी मांडीवर घेतली.

“तवापासून मी ह्येच इचारतंय बाय. साठ वर्सांत अमुशेला तो कदी वर गेला नाय. मंग त्याच दिवशी गेला कशाला? पंचनाम्याला आले त्यांना सांगितला. कुनी लिवून घेतलान नाय.”

मी पुढच्या जुड्यांकडे हात केला. “आणि या? या तर त्यांच्यानंतरच्या दिसतायत.”

“त्या माज्या,” ती म्हणाली. “दिवसकार्य झालं आनि मी जायला लागले. त्याचं काम व्हतं. बंद कर म्हनून कुनी सांगितला नाय मला.”

मला रडू आवरलं नाही. कॉलेज विसरलं होतं, आणि ही म्हातारी नऊ महिने रोज डोंगर चढून आमच्यासाठी कामट्या तोडत होती. तिच्या पहिल्या कामटीचं माप त्रेसष्ट. त्या सकाळची सहासष्ट.

संध्याकाळी महाडला उतरले ती घरी न जाता ग्रंथालयात गेले. दिवा लावला, भिंग घेतलं आणि स्टुलावर चढून फ्लेक्सवरच्या टेपला डोळा लावला. पलीकडच्या खुंटीपाशी टेपवर कुठला आकडा येतो ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग स्टुलावरून उतरून खाली फरशीवर बसून राहिले.

५

रविवारी दुपारी मी तिघांना ग्रंथालयात बोलावलं. धोंडूबाई सकाळच्याच गाडीनं आली होती, पोतं डोक्यावर घेऊन.

प्रत्येक जुडीतली एक कामटी मी वाचनाच्या लांब टेबलावर ओळीनं मांडून ठेवली होती, सगळ्यांचं एक टोक टेबलाच्या कडेला टेकवून. दुसऱ्या टोकांचा आपोआप जिना झाला होता. बघायला पीएच.डी. लागत नव्हती.

देवळेकर सर जिना बघत राहिले. मग खाकरले. “हे काय सरपण मांडलंय? काठ्या वाळतात, आखडतात. याला कुणी पुरावा म्हणेल?”

“बांबू लांबीत जवळजवळ आखडत नाही, सर,” अमिता हळूच म्हणाली. “आणि आखडला असं धरलं तर खरी भेग याहून मोठी. ते तुमच्याच विरुद्ध जातंय.”

मी जितेशकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मला पुढचं बोलता आलं नसतं.

“माझ्या कपाटातून वही चोरीला गेलेली नाही,” मी म्हणाले. “ती आलीच नव्हती. मंगळवारी सील केलं तेव्हाच आत माहितीपत्रकं होती. आता सील तिघांच्या हाताशी, मग केलं कुणी? अमितानं? ती दोन वर्षं वही मागतेय, ती कशाला लपवेल? आणि कपाटाची किल्ली तर तिच्याशिवाय कुणी घेतलीच नाही. सरांनी? सरांना वाटत होतं, वहीत तेच आहे जे तक्त्यात आहे, म्हणून तर ती काचेच्या पेटीत मांडायला निघाले. स्वतःचा फास कुणी पेटीत मांडत नाही. उरला एक. वहीत काय आहे हे ज्याला माहीत होतं, कारण ती त्यानंच लिहिली होती. खरी लिहिली होती, नाहीतर लपवली कशाला असती? तक्ता खोटा केला.”

“जितेश?” सर ओरडले. “अरे, काय म्हणतात या?”

जितेश टेबलाकडे बघत होता.

“इतकंच असतं तर मी हे प्राचार्यांच्या कानावर घालून मोकळी झाले असते,” मी म्हणाले आणि फ्लेक्सकडे बोट केलं. “हा फोटो. खाली जून लिहिलंय. तक्त्यात जूनला एक्केचाळीस आहे. पण फोटोतल्या टेपवर आकडा आहे एकसष्ट पूर्णांक दोन. सोमाबाबांची शेवटची कामटी साठ पूर्णांक नऊ. ती पिठोरीच्या आदल्या सकाळची. भेग रुंद होत जाते, उलटी मिटत नाही. म्हणजे हा फोटो त्या कामटीनंतरचा. आदला दिवसभर ते घरी होते. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते मातीखाली सापडले.”

मी बोट खाली घेतलं आणि जितेशकडे वळले.

“ज्या माणसाला टेप वाचता येत नाही, जो साठ वर्षांत अमावस्येला वर गेला नाही, त्याला अमावस्येच्या सकाळी टेप हातात देऊन कुणीतरी भेगेवर बसवला आणि फोटो काढला. फोटो कुणी काढला ते सरांनीच मला सांगितलंय. जितेश, तू तुडीलला चिखल काढत नव्हतास.”

जितेश बोलायला लागला तेव्हा कॉलेजची भाषा पार गळून पडली होती.

“सरांना फोटू पायजे व्हता. फ्लेक्स छापायला जायचा व्हता त्याच दिवशी. बाबा नाय नाय म्हनत व्हता, आज अमुशा हाय म्हनाला. मी म्हनालो, बाबा, माज्या नोकरीचा प्रश्न हाय. मंग आला. फोटू काढला आनि वरचा काठ सुटला. माती आली. मी पलीकडं व्हतो.”

“आणि?”

“मी पळालो. लोकांना बोलावलं असतं तर भेग सरकली हे सगळ्यांना कळलं असतं. पाच वर्सांचा तक्ता, निबंध, सगळं. म्हनून फोटूखाली पन जून लिवलं.”

“मूर्खा!” सर उठले. “मी तुला खोटे आकडे लिहायला कधी सांगितलं?”

“नाय सांगितलंत,” जितेश म्हणाला. “पयल्या वर्सी मी खरे दिले. तुम्ही म्हनालात, मोजनाऱ्याची चूक हाय, पुन्हा आन. पुन्हा आनले तर म्हनालात, अडाणी मानसाकडून मोजलं की असंच व्हतं. तिसऱ्यांदा मला कळलं तुम्हाला काय पायजे ते.”

“पण मला माहीत नव्हतं! मी तर...”

“माहीत करून घ्यायचं नव्हतं तुम्हाला, सर,” मी म्हणाले, आणि माझा आवाज चढला, त्याची मला लाज नाही. “उलटं बोललं की शहाणपण, असं वाटलं तुम्हाला. वही विभागात, फोटो भिंतीवर, टेपवरचा आकडा दरवाजाएवढा! एकदा नुसतं वाचलं असतंत!”

धोंडूबाई इतका वेळ स्टुलावर बसून होती. ती उठून जितेशसमोर गेली. मला वाटलं, आता मारते. तिनं हात उचलला नाही.

“जित्ता व्हता?”

जितेशनं मान खाली घातली.

“हाक मारलान काय रे त्यानं?”

“दोनदा,” जितेश म्हणाला.

६

वही त्यानं जाळली नव्हती. तुडीलच्या घरात, पुराचं पाणी पोचत नाही अशा उंचीवर, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवली होती. फाडायला हात धजला नाही म्हणाला. सोमवारी ती पोलादपूरला समितीपुढे गेली, कामट्यांच्या जुड्यांसकट. अमितानं जुडी आणि पान, जुडी आणि पान असं ताडून दाखवलं. सगळ्यांना जांभया आल्या असतील, पण कुणी उठून गेलं नाही. वाघमाची यादीत परत आली आणि जूनच्या आत अठरा घरं म्हशींसकट खालच्या पत्र्याच्या शेडमध्ये उतरली. जितेशला पोलीस घेऊन गेले. देवळेकर सर रजेवर आहेत. निबंध त्यांनी मागे घेतला, आणि ऐकते की आता ‘माझी चूक’ या विषयावर व्याख्यानाचं निमंत्रण आलंय. लोक धन्य आहेत.

जुलैत डोंगर खाली आला. अकरा घरं मातीत गेली, दोन्ही खुंट्याही गेल्या. घरं रिकामी होती.

जुड्या माझ्याकडे आहेत. काचेच्या पेटीत, कुलूप नाही. प्रत्येक जुडीला चिठ्ठी बांधली आहे आणि शिक्का मारला आहे. कुणीही यावं, हात लावून बघावं, आपली टेप आणून मोजावं.

यंदा पिठोरीच्या आदल्या दिवशी धोंडूबाई आली. शेडमध्ये म्हशींना माश्या फार चावतात म्हणाली. चहा प्यायली. मग पेटीपाशी जाऊन श्रावणाची जुडी आणि तिच्यापुढची तिची स्वतःची जुडी यांच्यामध्ये बोट ठेवलं.

“हितं काय नाय.”

“अमावस्या होती ना,” मी म्हणाले. “अमावस्येची कामटी नसते.”

“पन माप तर झालं. फोटूत हाय ना त्याचं?”

मी होकारार्थी मान हलवली. तिनं खांद्यावरच्या पिशवीतून एक कामटी काढली. हिरवी, ताजी, साल नुकतीच काढलेली.

“मला आकडा वाचता येत नाय. तू माप. मी धरते.”

एकसष्ट पूर्णांक दोन. खूण करण्याआधी मी माप तीनदा ताडून बघितलं. तिनं दुसरं टोक घट्ट धरून ठेवलं होतं. मी कामटी तोडली. तिनं ती दोन जुड्यांच्या मधोमध ठेवली आणि मला चिठ्ठी लिहायला सांगितली. मी लिहिली.

“काय लिवलंस ते वाच.”

“पिठोरी अमावस्या. माप सोमा ढेबे यांचं. कामटी वर्षानं तोडली, फोटोवरून.”



“खरं हाय समदं?”

“खरं आहे.”

“मंग ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली, आणि शेवटची एसटी चुकेल म्हणून उठली.